ठाणे–नवी मुंबईहून किनाऱ्याच्या वाटेने सायकल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नवी सायकल घरात आली की महिन्याभरात माणूस विचारतोच, ‘समुद्राकडे कसं जायचं?’ पहाटे रस्त्यावर भेटणाऱ्या मंडळींचे नेहमीचे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एका जागी ठेवली आहेत. अंतरं गोळाबेरीज समजा. तुमचं घर कोपरीला आहे की कासारवडवलीला, वाशीला की खारघरला, यावर दहा-पंधरा किलोमीटर इकडेतिकडे होणारच.

नकाशावर समुद्र हाकेच्या अंतरावर दिसतो. मग सरळ किनाऱ्याने का जाता येत नाही?

कारण आपला किनारा सलग नाही. ठाणे आणि नवी मुंबई यांच्या मध्ये ठाण्याची खाडी, घोडबंदरपलीकडे वसईची, बेलापूरच्या खाली पनवेलची, उरणच्या दक्षिणेला धरमतरची. पुढे रेवदंड्याला कुंडलिका, मुरूडच्या खाली राजपुरीची खाडी, हरिहरेश्वरच्या खाली सावित्रीचं मुख. प्रत्येक खाडीवर एकतर पूल असतो, नाहीतर बोट, नाहीतर मग लांबलचक वळसा. म्हणून बेत आखताना किलोमीटर नंतर मोजा, आधी खाड्या मोजा. कुठे पूल आहे, कुठे तर (फेरीबोट) आहे, परतीची शेवटची फेरी किती वाजता आहे, हे ठरलं की बाकीचा रस्ता आपोआप ठरतो. घाम गाळून ऐंशी किलोमीटर येतील, पण सुटलेली बोट परत येत नाही.

दुसरं म्हणजे हा पट्टा एकसारखाही नाही. नेरूळला खारफुटी आणि काचेच्या इमारती, पंचवीस किलोमीटरवर बंदराचे ट्रेलर, एक खाडी ओलांडली की नारळी-पोफळीच्या वाड्या आणि त्याही पुढे समुद्राला टेकलेले घाट. ‘किनाऱ्याचा रस्ता म्हणजे सपाट रस्ता’ हा समज मुरूडच्या अलीकडेच गळून पडतो.

अगदी नवशिक्याने सुरुवात कुठून करावी?

पाम बीच मार्ग. वाशी ते बेलापूर साधारण दहा किलोमीटर, सपाट, रुंद, मोजकेच सिग्नल. बेलापूरला महापालिका मुख्यालयापाशी वळून परत वाशीला आलं की वीस होतात. ठाणेकरांना ऐरोली किंवा कळव्याहून ठाणे–बेलापूर रस्त्याने वाशी गाठता येते. पहाटे तो रस्ता बरा, आठनंतर कंपन्यांच्या बसगाड्या सुरू झाल्या की नकोसा.

मात्र पाम बीच सपाट आहे म्हणून निर्धास्त होऊ नका. याच रुंद, मोकळ्या रस्त्यावर पहाटे गाड्या भरधाव सुटतात. डावी कड सोडू नये, तीन-तीन जण शेजारी गप्पा मारत चालवू नये आणि अंधार असेपर्यंत मागचा लाल दिवा चालूच ठेवावा. लहान मुलांना किंवा पहिल्यांदाच गिअरची सायकल हातात घेतलेल्यांना इथे आणू नका. त्यांच्यासाठी नेरूळचं ‘ज्वेल ऑफ नवी मुंबई’ आहे. पाण्याभोवती फिरायला तिथे जागा आहे आणि मागून गाडी येत नाही.

फ्लेमिंगो सायकलवरून दिसतात का? केव्हा जावं?

दिसतात. साधारण नोव्हेंबर-डिसेंबरपासून मे महिन्यापर्यंत. पण यातही खाडीचाच हिशेब आहे. ओहोटीला हे पक्षी खाडीच्या उघड्या चिखलात चरत असतात, म्हणजे रस्त्यापासून लांब. भरतीचं पाणी चढलं की चिखल बुडतो आणि ते सीवूड्स–नेरूळच्या बाजूच्या पाणथळ जागांवर येऊन बसतात. त्यामुळे भरतीची वेळ बघून निघालात तर नेरूळला थांबून बघता येतील. ठाणे खाडीचा काही भाग २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झाला आणि २०२२ मध्ये त्याला रामसर (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) दर्जा मिळाला. नेरूळच्या ज्या तळ्यांत ते भरतीला उतरतात, त्या तळ्यांचं भवितव्य हा वेगळा आणि कडू विषय आहे. बघताना आरडाओरडा नको, ड्रोन तर मुळीच नको.

उरणचा रस्ता खरंच इतका वाईट आहे का?

रस्ता वाईट नाही, त्यावरची वाहतूक वाईट आहे. बेलापूरहून उरण पंचवीस-तीस किलोमीटर. आम्र मार्गाने उलवे, मग गव्हाण फाटा, जासई, दास्तान फाटा, करळ फाटा आणि उरण. १९८९ मध्ये न्हावा-शेव्याचं बंदर सुरू झालं तेव्हापासून हा पट्टा कंटेनरच्या ट्रेलरांचा आहे, आणि बंदराला रविवार नसतो. चाळीस फुटी कंटेनर ओढणारा ट्रेलर वळताना मागची चाकं आतल्या बाजूने ओढत नेतो. त्याच्या डाव्या हाताला आपण असलो तर चालकाला आपण दिसतही नाही. त्यामुळे चौकात, फाट्यावर, उड्डाणपुलाच्या तोंडाशी ट्रेलरच्या डावीकडून पुढे घुसायचं नाही. मागे थांबायचं, त्याला वळू द्यायचं. या रस्त्यावर पाळायचा नियम हा एवढाच, पण तो न चुकता.

सर्व्हिस रोड कागदावर सायकलला सोयीचा वाटतो. प्रत्यक्षात तिथे ट्रेलर रांगेने उभे असतात, त्यांच्यामधून माणसं अचानक बाहेर येतात आणि कडेला काचा, लोखंडी तारेचे तुकडे पडलेले असतात. पंक्चरची हमखास जागा.

माझ्या मते उरणला सायकलने जायचं आणि ट्रेनने यायचं, किंवा उलट. बेलापूर–नेरूळकडची लोकल जानेवारी २०२४ पासून थेट उरणपर्यंत जाते. अलीकडच्या खारकोपरपर्यंत ती २०१८ पासूनच होती. सकाळी सातच्या आत करळ फाटा मागे पडला पाहिजे. उरणला पोचलात की पिरवाडीचा किनारा, नाहीतर मोरा बंदर, नाहीतर सरळ करंजा. करंज्याला सकाळी मासळीच्या बोटी लागलेल्या असतात तेव्हाची लगबग बघण्यासारखी असते. सायकल मात्र धक्क्याच्या मधोमध उभी करून शिव्या खाऊ नका.

ट्रेलर टाळून उरणकडे जायला दुसरी वाट आहे?

पूर्ण टाळता येत नाहीत, कमी करता येतात. गव्हाण फाट्यावरून दिघोडे, चिरनेर अशी आतली वाट आहे. सुरुवातीला कंटेनर यार्ड लागतात, मग भातशेती आणि डोंगराच्या कुशीतली गावं सुरू होतात. चिरनेरला थांबा. २५ सप्टेंबर १९३० रोजी इथल्या अक्कादेवीच्या माळावर जंगल सत्याग्रह झाला, गोळीबारात माणसं गेली. गावात हुतात्म्यांचं स्मारक आहे. तिथून खोपटे पुलावरून उरण गाठता येतं, नाहीतर साई–खारपाडा अशी वाट धरून मुंबई–गोवा महामार्गाला लागता येतं. दुसऱ्या पर्यायात समुद्र दिसत नाही, पण हिवाळ्यातल्या सकाळी हीच वाट मला उरणच्या मुख्य रस्त्याहून कितीतरी आवडते.

अटल सेतूवरून सायकल नेता येते का?

नाही. मोटारसायकललाही परवानगी नाही. वांद्रे–वरळी सागरी सेतू आणि मुंबई–पुणे द्रुतगती मार्गाचंही तेच.

करंजा–रेवस बोटीत सायकल घेतात का? त्रास होतो का?

घेतात. मोटारसायकली जातात तिथे सायकलचं काय. पंधरा-वीस मिनिटांत धरमतरच्या खाडीचं मुख ओलांडून तुम्ही रेवसला, म्हणजे अलिबाग तालुक्यात. हीच खाडी रस्त्याने चुकवायची तर पेण, वडखळ, पोयनाड असा वळसा पडतो आणि अख्खा दिवस त्यातच जातो.

खरी अडचण चढण्या-उतरण्याची. ओहोटीला पाणी खाली गेलं की बोट आणि धक्का यांत बरंच अंतर पडतं, पायऱ्या शेवाळलेल्या असतात. क्लिटचे (पेडलला अडकणारे) बूट घालून तिथे नाचायला जाऊ नका. चपला किंवा साधे बूट घाला. सायकल खलाशाच्या हातात देताना ‘जरा जपून, गिअर या बाजूला आहे’ एवढं सांगा आणि ती आडवी टाकायची वेळ आली तर चेनची बाजू वर राहील असं बघा. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती आणि तितकीच खोल ओहोटी असते, तेव्हा रेवसला गाळामुळे फेऱ्यांची वेळ पुढे-मागे होते. निघण्याआधी पंचांग किंवा भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघून घ्या. कोळीवाड्यात कुणालाही विचारलं तरी तोंडपाठ उत्तर मिळतं.

या खाडीवर पूल होतोय. बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री होते (१९८०–८२) तेव्हापासून ज्याची चर्चा ऐकत दोन पिढ्या मोठ्या झाल्या, त्या रेवस–करंजा पुलाचं काम आता प्रत्यक्ष चालू आहे. झाला की मोटारवाल्यांची सोय होईल. सायकलवाल्यांची हक्काची वीस मिनिटांची विश्रांती मात्र जाईल.

नवी मुंबईहून अलिबाग एका दिवसात होतं का?

होतं, आणि त्याचे तीन रस्ते आहेत. तिन्हींचा स्वभाव वेगळा.

पहिला महामार्गाचा. पनवेलजवळ पळस्पे फाटा, कर्नाळ्याची खिंड, खारपाड्याला पाताळगंगेचा पूल, पेण, वडखळ आणि मग अलिबागचा फाटा. पनवेलहून साधारण पंचाहत्तर किलोमीटर. कर्नाळ्यात सकाळी सावली असते, चढही हलका आहे. हमरापूर–जितेच्या परिसरात गणपतीच्या मूर्तींचे कारखाने आहेत. एप्रिल-मेपासूनच पांढऱ्या मूर्तींच्या रांगा दिसायला लागतात. वडखळनंतर धरमतरच्या पुलापर्यंत अवजड गाड्यांची वर्दळ असते. पोयनाडच्या पुढे कार्ले खिंड एवढा एकच चढ. शनिवारी सकाळी अलिबागकडे आणि रविवारी संध्याकाळी मुंबईकडे या रस्त्यावर मोटारींची अशी रांग लागते की कडेने सायकल काढणंही जिकिरीचं होतं. सुट्टीला जोडून आलेल्या शनिवार-रविवारी तर नकोच.

दुसरा उरण–करंजा–रेवस. रेवसहून अलिबाग पंचवीस किलोमीटरच्या आसपास.

तिसरा मांडव्याचा. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोट जाते. २०२० मध्ये ती सुरू झाली आणि सायकलवाल्यांची मोठीच सोय झाली, कारण गाड्यांच्या रॅम्पवरून सायकल सरळ आत ढकलत न्यायची. मांडवा ते अलिबाग वीस किलोमीटर, अर्धीअधिक झाडांच्या सावलीतून. वाटेत सासवण्याला शिल्पकार करमरकरांचं संग्रहालय आहे. अंगणात आणि घरात ठेवलेली ती शिल्पं बघायला अर्धा तास काढाच. पुढे किहीम, जिथे सलीम अलींनी सुगरण पक्ष्यांचा अभ्यास केला.

एका दिवसाची उत्तम जोडणी अशी: पहाटे निघून उरण, करंजा, रेवस, अलिबाग, तिथे जेवण, दुपारी मांडव्याहून रो-रोने भाऊच्या धक्क्याला, डॉकयार्ड रोड स्टेशनवरून हार्बर लोकल. तीन वाहनं, दोन खाड्या, आणि सायकल साठ ते ऐंशी किलोमीटर. परतीच्या बोटीचं तिकीट सकाळीच काढून ठेवा.

अलिबागच्या पुढे मुरूडपर्यंतचा रस्ता कसा आहे?

या सगळ्या भागातला सगळ्यात सुंदर तुकडा हाच. अलिबागहून मुरूड पन्नास किलोमीटर. आक्षी, नागाव, चौल, रेवदंडा हा पहिला टप्पा वाड्यांमधून जातो: दोन्ही बाजूंना नारळ-सुपारी, पाटाचं पाणी, अरुंद रस्ता, आंधळी वळणं. इथे वेग हा प्रकार विसरून जा. समोरून टेम्पो आला तर थांबून त्याला जागा द्यावी लागते आणि सकाळी शाळेची पोरं रस्ता आपलाच असल्यासारखी चालत असतात. आहेच तो त्यांचा.

रेवदंड्याला कुंडलिकेचा पूल ओलांडला की चित्र बदलतं. साळावनंतर कोर्लईच्या आसपास रस्ता समुद्राला अगदी खेटून जातो. कोर्लई गावातली जुनी ख्रिस्ती कुटुंबं आजही पोर्तुगीज वळणाची स्वतःची बोली बोलतात. पुढे काशीद येईपर्यंत आणि काशीद ते नांदगाव छोटे छोटे घाट आहेत. एकेक चढ फार मोठा नाही. पण चढ, उतार, पुन्हा चढ असं चालू राहतं आणि तोवर ऊन डोक्यावर आलेलं असतं. डावीकडच्या डोंगरावर फणसाडचं अभयारण्य, उजवीकडे पाणी. काशीदच्या किनाऱ्यावर सुट्टीच्या दिवशी जत्रा असते, तिथे न थांबता नांदगावला थांबा.

एका दिवसात जाऊन-येऊन करू नका. मुरूडला मुक्काम करा. संध्याकाळी पद्मदुर्गाच्या दिशेने सूर्य उतरताना बघा, सकाळी राजपुरीहून जंजिरा करा.

आणि त्याच्याही पुढे? रत्नागिरीपर्यंत जाणारे लोक नेमके कसे जातात?

बोटींवर बोटी बदलत. आगरदांड्याहून दिघी, मग दिवेआगर, शेखाडी, आरावी, श्रीवर्धन, हरिहरेश्वर. बागमांडल्याहून वेश्वी आणि तुम्ही रत्नागिरी जिल्ह्यात. केळशी, आंजर्ले, हर्णै, मुरूड (हे दापोलीचं), लाडघर, दाभोळ. दाभोळहून धोपावे, मग गुहागर, वेळणेश्वर, हेदवी, तवसाळ. तवसाळहून जयगड, गणपतीपुळे, आरे-वारे, रत्नागिरी. या चारही खाड्यांवर गाड्या वाहून नेणाऱ्या फेरीबोटी आहेत, सायकलला कुठेच अडचण येत नाही.

दिवेआगर ते श्रीवर्धन समुद्राकडेने जाणारा तुकडा बघून बऱ्याच जणांना वाटतं की आता असाच सपाट रस्ता. दापोली तालुका हा गैरसमज दूर करतो. तिथे प्रत्येक गाव खाडीच्या किंवा समुद्राच्या पातळीवर आणि दोन गावांच्या मध्ये जांभ्याचा सडा (खडकाळ पठार). म्हणजे प्रत्येक गावाला उतरायचं आणि प्रत्येक गावातून चढायचं. चढ तीव्र आहेत. दिवसाला साठ-सत्तर किलोमीटर पुरे, शंभरचा हट्ट धरू नका. पाच-सहा दिवस हाताशी असतील तरच निघा, आणि परतीला रत्नागिरीहून रेल्वे.

ठाणेकरांनी काय करायचं? आमच्या दारात घोडबंदर रोड आहे.

आहे, आणि तोच प्रश्न आहे. कापूरबावडीपासून गायमुखपर्यंत मेट्रोची कामं, गायमुखच्या घाटात खड्डे आणि गुजरातकडे जाणाऱ्या अवजड गाड्या. घाट छोटा आहे, दोन्ही बाजूंना जंगल आहे, एके काळी पहाटे तिथे सायकल चालवणं म्हणजे सुख होतं. आज मी कुणा नवख्याला तो रस्ता सुचवणार नाही. जायचंच तर पहाटे साडेपाचला कापूरबावडी सोडा, गायमुखच्या खाडीकिनाऱ्यापर्यंत जा आणि तिथूनच फिरा. घाट ओलांडून फाउंटन हॉटेलपर्यंत जाणाऱ्यांनी एकटं जाऊ नये, मागे-पुढे दिवे लावावेत, आणि पावसाळ्यात तर खड्ड्यातल्या पाण्याची खोली कळत नाही म्हणून विषयच सोडावा.

त्यापेक्षा येऊर. उपवन तलावापासून वनखात्याचं गेट ओलांडलं की तीनेक किलोमीटरचा वळणावळणाचा चढ. समुद्र नाही, पण पुढच्या सगळ्या समुद्राची तयारी इथेच होते. हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, बिबट्यांचा वावर आहे. गेटच्या वेळा पाळा, अंधारात आणि एकट्याने नको, गाणी लावून तर अजिबात नको. नवी मुंबईकरांना हाच सराव खारघरच्या टेकडीवर किंवा बेलापूरच्या पारसिक हिलवर करता येतो. पारसिकचा चढ आखूड आणि निर्दयी आहे.

उत्तन–गोराई?

भाईंदरपर्यंत ट्रेनने किंवा गाडीने या. पश्चिमेला उतरून उत्तन आठ-दहा किलोमीटर. मिठागरं, मग कोळीवाडे, वाळत घातलेले बोंबील, चर्च, आणि चौकच्या टेकडीवरून दिसणारा समुद्र. उत्तनहून गोराईपर्यंत रस्ता झाडांतून जातो, थोडे चढ-उतार आहेत. गोराईहून बोटीने बोरिवली. अर्ध्या दिवसाची सुरेख फेरी. रविवारी नऊनंतर रिसॉर्टवाल्यांच्या गाड्या सुरू होतात.

वसईला घोडबंदरचा वळसा न घालता जाता येतं का?

आता येतं. भाईंदर–वसई रो-रो २०२४ च्या फेब्रुवारीत सुरू झाली आणि रस्त्याचा तीस-पस्तीस किलोमीटरचा फेरा वाचला. बोट वसईच्या किल्ल्यापाशी लागते. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून घेतलेला हा किल्ला तासाभरात बघून होत नाही, पण सायकल हातात धरून आतल्या वाटेने एक चक्कर मारता येते.

खरी मजा त्यानंतरची. गास, निर्मळ, भुईगाव, आगाशी, अर्नाळा. अरुंद रस्ते, बावखलं (वाड्यांतली छोटी तळी), केळीच्या आणि फुलांच्या वाड्या, कुपारी (इथल्या ख्रिस्ती समाजाच्या) घरांच्या ओट्यांवर गप्पा मारणाऱ्या आज्या. सगळं सपाट. आगाशीची सुकेळी मिळाली तर पाव किलो खिशात टाका. राजेळी केळी उन्हात वाळवून केलेली ही सुकेळी सायकलवर खायला परदेशी एनर्जी बारच्या तोडीस तोड आहेत, आणि वितळत नाहीत. मिळण्याचा हंगाम उन्हाळ्याच्या आसपासचा.

आणखी उत्तरेला जायचं असेल तर विरारच्या मारंबळपाड्याहून वैतरणा खाडी ओलांडून सफाळ्याच्या बाजूला जलसारजवळ उतरवणारी रो-रोही सुरू झाली आहे. पलीकडे केळवे, माहीम, शिरगाव. ज्यांना एवढा व्याप नको त्यांनी लोकलने डहाणू गाठावं आणि नरपड, चिखले, घोलवडवरून बोर्डीपर्यंत जाऊन यावं. सतरा किलोमीटर, सुरूची झाडं, चिकूच्या वाड्या. घरच्यांना सायकलची गोडी लावायची असेल तर यापेक्षा चांगला रस्ता या बाजूला नाही.

वाऱ्याचं गणित काय? परतताना नेहमीच वारा अंगावर का येतो?

शाळेच्या भूगोलात शिकलेले खारे वारे आणि मतलई वारे इथे मांड्यांना कळतात. रात्री जमीन लवकर थंड होते, त्यामुळे पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे असतो आणि मंद असतो. दहा-अकराच्या पुढे जमीन तापते आणि समुद्रावरून वारा सुटतो. हिवाळा-उन्हाळ्यात तो बहुतेक वायव्येकडून येतो. म्हणजे दक्षिणेकडे जाताना तो मदत करतो आणि दुपारी उत्तरेकडे परतताना छातीवर बसतो. अलिबाग–मुरूड करणारे जाताना खुशीत आणि येताना गप्प असतात ते यामुळे. लांबचा किनारा उत्तरेकडून दक्षिणेकडे करा आणि परतीला वाहन धरा.

कोणते महिने चांगले?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. ऑक्टोबरमध्ये उकाडा असतो पण डोंगर हिरवे असतात. जानेवारीत उजाडायलाच सात वाजतात, त्यामुळे लवकर निघणाऱ्यांनी पुढचा दिवा चांगला घ्यावा. याच दिवसांत रायगडात शेतांवर पोपटी, म्हणजे मडक्यात शेंगा भाजायचा बेत, लागते. वालाच्या शेंगा, भांबुर्डीचा पाला, मडकं. कुणी बोलावलं तर सायकल बाजूला लावून जा.

एप्रिल-मे मध्ये सकाळी दहाच्या आत सावलीत पोचलं पाहिजे. घाम वाळत नाही, त्यामुळे तहान लागली नाही तरी पाणी प्यायचं. लिंबू-मीठ-साखर, कोकम सरबत, शहाळं, ताडगोळे, सगळं वाटेत मिळतं.

पावसाळ्यात बंद ठेवायचं का?

सायकल बंद ठेवायची गरज नाही, बोटींवर भिस्त ठेवायची नाही. गेटवेवरून मांडव्याला जाणाऱ्या लाँच पावसाळ्यात बंद असतात. बाकीच्या फेऱ्या हवामान बघून सुटतात किंवा सुटत नाहीत. १ जून ते ३१ जुलै मासेमारीही बंद असते, कोळी नारळी पौर्णिमेला नारळ वाहून समुद्राला मान देतात. तोवर आपणही पाम बीच, खारघर, येऊर, चिरनेर एवढ्यावर भागवावं. रस्त्यावरचे पांढरे पट्टे, लोखंडी झाकणं आणि पुलांचे सांधे ओले असताना साबणासारखे होतात.

रोड बाईकच हवी का?

नाही. ३२ ते ३५ मिलिमीटरचे टायर असलेली हायब्रिड या सगळ्या रस्त्यांना पुरून उरते. बारीक टायरची रोड बाईक पाम बीच आणि महामार्गावर छान, चौल-रेवदंड्याच्या अरुंद रस्त्यावर आणि फेरीच्या रॅम्पवर त्रासदायक. २८ च्या खालचे टायर इथे नकोत. दापोलीकडे जायचं तर मागच्या चाकाला मोठ्या दातेरी चक्रांची कॅसेट लावून घ्या, गुडघे दुवा देतील.

पंक्चर झालं तर गावात दुरुस्ती होते?

पंक्चरवाला नाक्या-नाक्यावर आहे, पण त्याचा पंप मोटारसायकलच्या व्हॉल्व्हचा. तुमच्या ट्यूबला बारीक प्रेस्टा व्हॉल्व्ह असेल तर त्यावर चढवायचा पितळी अॅडाप्टर सोबत ठेवा. बोटाच्या पेराएवढा, अगदी स्वस्त, आणि तोच नसल्यामुळे टेम्पोत सायकल घालून परतलेले लोक बरेच आहेत. दोन ट्यूब, पॅच, टायर लिव्हर आणि छोटा पंप हवाच.

समुद्राच्या हवेने सायकल गंजते का?

गंजते. घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुवा, फडक्याने पुसा, चेन वाळली की तेल द्या. वाळूत सायकल घालून फोटो काढायचा मोह आवरा. ती वाळू नंतर बेअरिंग खाते.

लोकलमध्ये सायकल चालते का?

लगेज डब्यातून न्या, सामानाचं तिकीट काढा, आणि गर्दीची वेळ टाळा. सकाळी त्या डब्यात मासळीच्या टोपल्या आणि भाजीची ओझी आधी असतात. त्यांचं पोट त्यावर आहे, आपली हौस. घडीची सायकल असेल तर प्रश्नच नाही.

मी एकटी जाऊ का? घरचे नको म्हणतात.

दिवसाउजेडी पाम बीच, वसईच्या वाड्या, मांडवा–अलिबाग इथे एकट्या मुली-बायका सायकल चालवताना दिसतात. चिरनेरचा आतला रस्ता, काशीदचे घाट आणि येऊर इथे जाताना कुणाची तरी सोबत घ्या. हे पुरुषांनाही तितकंच लागू आहे, कारण तिथे पडलं-झडलं तर मदत लवकर मिळत नाही. घरी मोबाईलवरून चालू ठिकाण पाठवत राहा. आणि घरच्यांना एकदा डहाणू–बोर्डीला सोबत न्या, नंतर ते कमी बोलतात.

बीआरएमची (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल फेरीची) तयारी या रस्त्यांवर होते का?

होते. २०० किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात, ३०० ला वीस, ४०० ला सत्तावीस, ६०० ला चाळीस. पायांची तयारी पाम बीचच्या फेऱ्यांनी होईल, पण पनवेल–अलिबाग–रेवदंडा आणि परत असं दुपारच्या वाऱ्यात करून बघा. ऊन, वारा, चढ, ट्रॅफिक हे चौघे एकाच दिवशी भेटतात. नाव नोंदवण्याआधी रात्रीचीही एक फेरी करा, डोळ्यांवर समोरचे झगझगीत दिवे घेऊन चालवायची सवय लागते.

कोळीवाड्यात आणि गावांत कुत्री मागे लागतात. काय करायचं?

वेग वाढवू नका, पायही उगारू नका. थांबा, उतरा, सायकल आपल्या आणि कुत्र्याच्या मध्ये धरा आणि चालत पुढे व्हा. त्याची हद्द संपली की ते मागे फिरतं. उत्तन आणि करंज्याकडे सुकी मासळी वाळत असते तिथे राखणीची कुत्री असतात, त्या भागातून आधीच हळू जा.